मेसिनाची शाळा आणि मातृभाषेचा प्रश्न

'अभिजात ख्रिस्ती शाळा' हा शब्दप्रयोग गेल्या चार दशकांत अमेरिकेत पुन्हा चलनात आला आहे. त्याचे मूळ एका भाषणात सापडते. रहस्यकथा लिहिणाऱ्या आणि दान्तेचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या डोरोथी सेयर्स यांनी १९४७ साली ऑक्सफर्ड येथे 'द लॉस्ट टूल्स ऑफ लर्निंग' हा निबंध वाचला. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या मध्ययुगीन विद्यात्रयीची सांगड त्यांनी मुलाच्या वाढीच्या तीन अवस्थांशी घातली. आधी पाठांतराची आवड, मग वाद घालण्याची खोड, मग स्वतःला व्यक्त करण्याची ओढ. आपली सूचना कोणी अमलात आणील असे त्यांना स्वतःलाही वाटत नव्हते आणि तसे त्यांनी बोलूनही दाखवले. तरी १९८१ साली आयडाहो राज्यातील मॉस्को या गावी 'लोगोस' नावाची शाळा याच विचाराच्या आधारावर उभी राहिली, आणि १९९४ साली अशा शाळांची संघटनाही स्थापन झाली. चळवळ प्रामुख्याने प्रॉटेस्टंट बंधुभगिनींची. पण कॅथलिक पालकही तिच्याकडे वळत आहेत.

हा निबंध वाचताना मौज वाटते. सेयर्सबाईंची लेखणी चटपटीत आहे आणि आजच्या शिक्षणातून बाहेर पडणाऱ्या मुलाला विषय येतात पण विचार करता येत नाही, ही त्यांची तक्रार खोटी नाही. मात्र इतिहास म्हणून हा निबंध तोकडा आहे. मध्ययुगातील विद्यात्रयी ही वयाची पायरी नव्हती, ती विद्यांची विभागणी होती. आणि निबंध मध्ययुगावरून जी उडी घेतो ती थेट आपल्या काळात. मधल्या शतकांत अभिजात ख्रिस्ती शाळा नावाची गोष्ट प्रत्यक्षात स्थापन झाली, वाढली, युरोपभर पसरली, चुकली आणि फळलीसुद्धा. तिचा जन्म सिसिली बेटावरील मेसिना शहरात १५४८ साली झाला. त्या शाळेची कहाणी आणि तिच्यातून निघालेला नियमग्रंथ, या दोहोंचे परीक्षण येथे करावे असा आमचा विचार आहे. कारण त्या शाळेचे एक टोक आपल्या मराठीपर्यंत आलेले आहे.

मेसिनाच्या नगरसभेने आणि सिसिलीचे व्हाइसरॉय हुआन दे व्हेगा यांनी संत इग्नेशियस लोयोला यांच्याकडे शिक्षक मागितले. शिक्षकांच्या निवासाचा, अन्नवस्त्राचा भार शहर उचलणार होते. येशूसंघाला तेव्हा पोपमहोदयांची मान्यता मिळून जेमतेम साडेसात वर्षे झाली होती आणि शाळा चालवणे हे आपले कार्य आहे, असे संघाने ठरवलेले नव्हते. संत इग्नेशियस यांनी रोममधील आपल्या बांधवांना लेखी विचारले की, सिसिलीला जाण्यास तुम्ही तयार आहात का, आणि कोणत्या कामासाठी. संत पीटर कनिशियस यांचे उत्तर प्रसिद्ध आहे. स्वयंपाकी, माळी, द्वारपाल, विद्यार्थी किंवा शिक्षक, जे सांगाल ते होईन, अशा आशयाचे ते उत्तर होते. फादर जेरोनिमो नादाल यांच्या नेतृत्वाखाली दहा जण निघाले. त्यांत मायोर्काचे, हॉलंडचे, फ्लँडर्सचे, फ्रान्सचे, सॅव्हॉयचे आणि इटलीचे लोक होते. ते १५४८ च्या एप्रिलमध्ये मेसिनाला पोहोचले आणि वर्ग सुरू झाले.

या दहा जणांनी काय नवे आणले? त्या काळच्या इटलीतील पुष्कळ शाळांमध्ये लहानथोर मुले एकाच शिक्षकापुढे बसत आणि ज्याला जे येईल ते तो शिके. नादाल आणि त्यांचे सोबती पॅरिसची रीत घेऊन आले. वर्ग वेगळे करावेत, एका वर्गातील विषय पक्का झाल्याशिवाय पुढे सोडू नये, शिकवलेले त्याच दिवशी वदवून घ्यावे, आठवड्याचे शनिवारी पुन्हा पाहावे, मुलाला सतत बोलायला, लिहायला, वाद करायला लावावे. आज हे सारे इतके अंगवळणी पडले आहे की 'इयत्ता' ही कोणीतरी विचारपूर्वक आणलेली व्यवस्था आहे हे आपण विसरूनच गेलो आहोत.

या रीतीमागे संत इग्नेशियस यांची स्वतःची फरफट आहे. १५२४ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, हा माजी सैनिक बार्सिलोनात लहान मुलांच्या शेजारी बाकावर बसून लॅटिनचे धातू घोकत होता. मग अल्काला आणि सालामांका येथे त्यांनी तर्कशास्त्र, निसर्गशास्त्र आणि ईश्वरशास्त्र एकदमच अंगावर घेतले आणि हाती काहीच नीट लागले नाही. १५२८ साली पॅरिसला पोहोचल्यावर त्यांनी पुन्हा पायाकडे जाऊन लॅटिन व्याकरणापासून आरंभ केला. अभ्यासाला क्रम हवा हा मेसिनाच्या शाळेचा पहिला सिद्धांत अशा प्रकारे एका प्रौढ विद्यार्थ्याच्या वाया गेलेल्या वर्षांतून आला आहे. शिक्षणशास्त्रावरील ग्रंथांत अनेकदा सापडणारा कोरडेपणा या सिद्धांताला नाही, त्याचे कारण हेच असावे.

वाढ झपाट्याने झाली. १५४९ मध्ये पालेर्मोची शाळा निघाली. फेब्रुवारी १५५१ मध्ये रोममध्ये कापितोल टेकडीच्या पायथ्याशी भाड्याच्या घरात फादर जाँ पेलेतिए यांच्या देखरेखीखाली शाळा उघडली, आणि व्याकरण, साहित्य व ख्रिस्ती धर्मशिक्षण येथे विनामूल्य मिळेल अशी पाटी दारावर लागली. हेच पुढचे रोमन कॉलेज. पोप तेरावे ग्रेगरी यांच्या आश्रयाने १५८४ साली त्याला भव्य वास्तू लाभली आणि आजचे ग्रेगोरियन विद्यापीठ त्याचाच वारसा सांगते. संत इग्नेशियस १५५६ साली वारले तेव्हा अशा शाळांची संख्या तिसापलीकडे गेली होती, शतक संपताना ती दोनशेहून अधिक होती आणि १७७३ साली संघ बरखास्त झाला तेव्हा सातशेहून अधिक.

या आकड्यांनी डोळे दिपवून घेऊ नयेत. पाटीवरच्या 'विनामूल्य' या शब्दाची किंमत कोणाला तरी मोजावी लागत होती. गांदियाचे ड्यूक, म्हणजेच नंतरचे संत फ्रान्सिस बोर्जा, यांच्या देणगीने रोमची शाळा तगली. पण जेथे असा दाता नव्हता तेथे शिक्षक अर्धपोटी राहिले. शिक्षक कमी, त्यांतले पुष्कळसे विशीतले, आणि नवी शाळा मागणारी शहरे रांगेत उभी. दुसरे महाश्रेष्ठी फादर दिएगो लायनेझ यांना अखेर आर्थिक पाया असल्याशिवाय नवी शाळा स्वीकारण्यास आवर घालावा लागला. आपल्याकडे धर्मग्रामात शाळा काढण्याचा उत्साह येतो, इमारत होते, उद्घाटन होते आणि शिक्षक कोठून आणायचा हा प्रश्न मागाहून आठवतो. त्या उत्साहाने हा इतिहास वाचावा.

आता ग्रंथाकडे वळू. 'रात्सिओ स्तुदिओरुम' हा येशूसंघाचा शिक्षणविषयक नियमग्रंथ १५९९ साली अंतिम स्वरूपात प्रसिद्ध झाला. त्याच्या घडणीला पन्नास वर्षे लागली. मेसिनातील नादाल यांचे नियम, १५५१ साली तेथील शिक्षक अॅनिबाल द्यू कुद्रे यांनी रोमला पाठवलेला वर्गांचा वृत्तांत, रोमन कॉलेजचा अनुभव हे त्याचे थर आहेत. महाश्रेष्ठी क्लॉदिओ आक्वाव्हिवा यांनी नेमलेल्या सहा जणांच्या समितीने १५८६ साली एक मसुदा तयार करून प्रांतोप्रांती अभिप्रायासाठी पाठवला. १५९१ साली दुसरा आला आणि १५९९ साली शेवटचा.

वाङ्मय म्हणून पाहता आम्हांला १५८६ चा मसुदा अधिक जिवंत वाटतो. तो कारणे देतो, उलटसुलट बाजू मांडतो, अनुभवी शिक्षकांची कुरकुर त्यात ऐकू येते. १५९९ च्या ग्रंथातून ही चर्चा गळून पडली आणि उरले ते नियम. प्रांताधिकाऱ्यांचे नियम, रेक्टरचे नियम, अभ्यासप्रमुखाचे नियम, वक्तृत्वाच्या शिक्षकाचे नियम, अगदी खालच्या व्याकरणवर्गाच्या शिक्षकाचे नियम. ग्रंथ वापरायला सोपा झाला खरा, पण नियम पाळणारा शिक्षक आणि नियम समजलेला शिक्षक यांतले अंतर त्याच वेळी वाढले असले पाहिजे. कारणे काढून टाकलेला नियम पुढच्या पिढीला रूढी म्हणूनच भेटतो.

तरी या कोरड्या ग्रंथाच्या पोटात एक मौलिक वस्तू आहे. तिचे लॅटिन नाव 'प्रेलेक्सिओ'. आपण तिला 'पूर्ववाचन' म्हणू. शिक्षक उताऱ्याचे वाचन करतो, त्याचा आशय थोडक्यात सांगतो, मग एकेक वाक्य उलगडतो आणि पुन्हा मागे जाऊन शब्दाची निवड, अलंकार, व्याकरण, संदर्भातला इतिहास यांवर टिपणे देतो. दुसऱ्या दिवशी मुलगा तोच उतारा तोंडपाठ म्हणतो आणि त्याच्या वळणाने स्वतः काही लिहितो. उतारा छोटा असतो, खालच्या वर्गांत तर चारच ओळींचा. पाच वर्गांची चढण चढून मुलगा वक्तृत्ववर्गात येतो तोपर्यंत सिसेरोचे वाक्य त्याच्या श्वासात उतरलेले असते आणि व्हर्जिल एखादे चित्र कसे उभे करतो हे त्याला आतून कळलेले असते. सेयर्सबाईंना जी 'हत्यारे' हरवल्याची खंत होती, ती येथे एका विषयाच्या नावाखाली ठेवलेली नाहीत. ती एका कृतीत आहेत: थोडे वाचायचे, पण असे वाचायचे की लेखकाच्या हाताची हालचाल दिसावी.

दुसरी गोष्ट गरिबांविषयीची. गरीब किंवा हलक्या कुळातला आहे म्हणून कोणाला प्रवेश नाकारू नये, आणि गरीब मुलाच्या अभ्यासाकडे श्रीमंताच्या मुलाइतकेच लक्ष द्यावे, असे ग्रंथ सांगतो. सोळाव्या शतकात हे लिहिले जाणे लहान गोष्ट नव्हे. अर्थात लॅटिनच्या शाळेत येण्यापूर्वी अक्षरओळख हवी, आणि ती गरिबाच्या मुलाने कोठून आणावी, हा प्रश्न नियमाने सोडवला नाही.

ग्रंथाचे दोष झाकून ठेवण्यात अर्थ नाही. स्पर्धेवर त्याची भिस्त फार. प्रत्येक मुलाला एक प्रतिस्पर्धी नेमून द्यायचा, चूक पकडली की त्याची जागा घ्यायची, बक्षिसांची मिरवणूक काढायची. विनयाचा धडा देणाऱ्या संतांच्या शाळेत ही रीत कशी खपली याचे आम्हांला नवल वाटते. पाठ्यपुस्तकांची काटछाट हा दुसरा दोष. मेसिनाच्या मूळ दहांतील आंद्रे दे फ्र्यू यांनी मार्शलच्या कवितांची अश्लील भाग वगळून केलेली आवृत्ती १५५८ साली रोममध्ये छापली गेली. मुलांच्या हाती काय द्यावे याचा विवेक हवाच. परंतु बिगर-ख्रिस्ती कवीला धुऊन-पुसून वर्गात बसवले की, तो आपल्याहून निराळा आहे ही जाणीवच पुसट होते. रने देकार्त ला फ्लेश येथील येशूसंघीय शाळेत शिकला. १६३७ साली लिहिलेल्या आपल्या प्रबंधात त्याने त्या शाळेचा आदराने उल्लेख केला आणि त्याच श्वासात, शिक्षण पुरे होताना हाती शंकाच फार लागल्या, असेही नोंदवले. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर याहून प्रामाणिक शेरा क्वचितच लिहिला गेला असेल.

सर्वांत मोठा दोष मातृभाषेचा. शाळेच्या कामकाजात लॅटिनच बोलावे, लोकभाषा वापरू नये असा नियम आहे. नाटकेही लॅटिनमध्येच व्हावीत असा दंडक आहे. खालच्या वर्गात अर्थ सांगण्यापुरती किंवा भाषांतराचा मजकूर देण्यापुरती लोकभाषेला आत घेतले आहे. ती कुबडीसारखी वापरायची आणि चालता येऊ लागले की टाकून द्यायची. मेसिनाचा मुलगा घरी सिसिलियन बोले. त्या बोलीत सांगण्याजोगे काही भव्य असू शकते अशी शंकासुद्धा या ग्रंथाला शिवत नाही. १८३२ साली महाश्रेष्ठी यान रोथान यांनी ग्रंथाची सुधारित आवृत्ती काढली आणि लोकभाषांना अधिक जागा दिली. पण तोवर सव्वादोनशेहून अधिक वर्षे लोटली होती.

आणि तरीही या शाळेच्या सर्वोत्तम फळांकडे पाहावे तर ती परक्या लोकभाषांच्या फांदीवर लागलेली दिसतात! मात्तेओ रिची रोमन कॉलेजमध्ये क्लाव्हियस यांच्या हाताखाली शिकले आणि १५७८ साली गोव्यात उतरले. पुढे चीनमध्ये १५९५ साली त्यांनी मैत्रीवर एक पुस्तिका चिनी भाषेत लिहिली. ग्रीक-रोमन लेखकांची वचने शाळेत मुखोद्गत झालेली होती, तीच त्यांनी चिनी सूत्रांच्या घाटात घातली.

रिची यांच्या पाठोपाठ पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १५७९ मध्ये, इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात आले. ते १५७५ साली रोममध्ये येशूसंघात दाखल झाले होते. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी नोंदवले की, येथील भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. भाषाशास्त्राचे इतिहासकार या वाक्याचे कौतुक करतात ते वेगळ्या कारणाने. आम्हांला त्यात शाळेत तयार झालेला कान दिसतो. ज्याने लहानपणी लॅटिनच्या विभक्ती घोटल्या त्यालाच साष्टीच्या बाजारात कानावर पडलेल्या बोलीत विभक्ती ऐकू येतात. त्यांनी रचलेले कोंकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली राचोलला छापले गेले.

'क्रिस्तपुराण' राचोलला १६१६ साली प्रसिद्ध झाले. दोन पुराणे, ३६ आणि ५९ अवस्वरू, दहा हजारांहून अधिक ओव्या. पहिल्याच अवस्वरूत एक प्रसंग आहे. नव्या ख्रिस्ती समाजातील एक जण पाद्रींना म्हणतो की, तुम्ही धर्मशिक्षण दिले ते ठीक, पण आमची पूर्वीची पुराणे बंद केलीत तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? या प्रश्नामागची वेदना वाचकाने ओलांडून जाऊ नये. साष्टीत देवळे पाडली गेली होती, ग्रंथ हिरावले गेले होते, आणि पोरक्या झालेल्या माणसाने कथा मागितली. स्टीफन्स यांनी तो प्रश्न स्वतःच्या काव्यात नोंदवून ठेवला, ही त्यांची सचोटी होय.

रूढ मत असे की, स्टीफन्स यांनी युरोपचे सारे सामान बाजूला ठेवले आणि ते मराठी झाले. आम्हांला ते अर्धेच पटते. मराठी भाषेची थोरवी गाताना त्यांनी रत्ने, फुले, सुगंध, पक्षी, वृक्ष यांच्या उपमांची जी माळ गुंफली आहे ती प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे. एकच गोष्ट दहा अंगांनी फुलवून सांगण्याची ही कला रोमच्या वक्तृत्ववर्गाचा रोजचा सराव होता. तीच कला ज्ञानेश्वरांच्या दृष्टांतमालेत शेकडो वर्षे नांदत होती. दोन शाळा एका ओवीत भेटल्या. स्टीफन्स यांनी व्हर्जिलची भाषा आणली नाही, महाकाव्य उभारण्याची व्हर्जिलची धीट वृत्ती आणली; आणि लोकांना जे छंद, जे पुराणकथन आधीपासून कळत होते त्यात ती ओतली. ग्रंथाने ज्या लोकभाषेला उंबऱ्याबाहेर ठेवले तिला त्याच परंपरेत घडलेल्या शिष्याने गाभाऱ्यात नेले. नियमाच्या अक्षराविरुद्ध जाऊन त्यांनी नियमाचे सार पाळले, असे आम्ही म्हणू.

फ्रेंच फादर एतियेन द ला क्रुवा यांचे संत पीटरवरील पुराण १६२९ साली गोव्यात छापले गेले, म्हणजे स्टीफन्स एकटे नव्हते. पण ही धारा टिकली नाही. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले आणि सत्तेची भाषा हीच शाळेची भाषा ठरली.

वसईच्या वाचकाला हे सारे दूरचे वाटू नये. आमच्या धर्मग्रामातील मूल घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलते, मिस्सेत मराठी ऐकते आणि शाळेत इंग्रजी शिकते. मेसिनाच्या मुलाला दोन पायऱ्या होत्या, याला तीन आहेत. इंग्रजी शिकू नये असे आम्ही म्हणणार नाही. ती आजची लॅटिन आहे आणि पोटाशी तिचा संबंध आहे. पण मेसिनाच्या मुलाला लॅटिनच्या बदल्यात निदान सिसेरो आणि व्हर्जिल तरी मिळत. आमच्या मुलाला इंग्रजीच्या बदल्यात काय मिळते? प्रश्नोत्तरांची मार्गदर्शके. 'रात्सिओ'तील स्पर्धा, गुणानुक्रम, बक्षीस समारंभ हे सारे कवच आपल्या शाळांनी निष्ठेने सांभाळले. चार ओळी घेऊन तासभर थांबण्याची जी कृती त्या कवचाच्या आत होती ती मात्र वेळापत्रकात बसत नाही. परिणाम रविवारी दिसतो. दहावीत उत्तम गुण मिळवलेला मुलगा वेदीजवळ येऊन यशया संदेष्ट्याचे वाचन करतो आणि जोडाक्षरागणिक अडखळतो. दोष त्याचा नाही; त्या भाषेत त्याला कोणी कधी थांबून काही वाचायला लावलेलेच नाही.

येथे अमेरिकेतील नव्या अभिजात शाळांचे एक श्रेय मान्य केले पाहिजे. मुलाला वरचढ ग्रंथापुढे बसवायचे धाडस त्यांनी केले. पण त्यांची ग्रंथयादी उचलून आपल्याकडे लावणे म्हणजे 'रात्सिओ'चा दोष नव्याने गिरवणे होईल. होमर आणि दान्ते यांनी आमच्या मुलांना जरूर भेटावे, पण ज्ञानेश्वर, तुकोबा, स्टीफन्स, आणि रेव्हरंड टिळकांनी आरंभलेले व लक्ष्मीबाईंनी पुरे केलेले 'ख्रिस्तायन' यांची ओळख करून घेतल्यावर. आमच्या सेमिनरीच्या दिवसांत लॅटिन निवृत्तीच्या वयाला आले होते आणि मराठी अजून नेमणुकीची वाट पाहत होती. त्या दोहोंच्या मधल्या फटीत एक अख्खी पिढी वाढली, हे आम्ही जवळून पाहिले आहे.

एक शेवटची गोष्ट नोंदवायची राहिली. १६०८ साली फादर स्टीफन्स यांनी रोमला महाश्रेष्ठींना पत्र लिहून येथील लिपीत छपाई करण्याची परवानगी मागितली होती. जोडाक्षरांमुळे सहाशेच्या आसपास साचे लागतील ही अडचण त्यांना ठाऊक होती, आणि युक्तीने ते दोनशेवर आणता येतील असेही त्यांनी सुचवले होते. ते साचे पडले नाहीत. 'क्रिस्तपुराण' रोमन अक्षरांत निघाले, पुढच्या आवृत्त्याही तशाच निघाल्या, १९०७ ची मंगळूरची आवृत्तीसुद्धा. देवनागरीत छापलेले पुराण वाचकांच्या हाती आले ते १९५६ साली, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने. पुढे फादर कारिदाद द्रागो यांची आवृत्ती १९९६ साली आली. या दोहोंपैकी एखादी प्रत आपल्या शाळेच्या ग्रंथालयात आहे का, हे आमच्या मुख्याध्यापकांनी एकदा कपाट उघडून पाहावे.